कॅसेट, तबकड्या आणि एआय संगीत: नाशिकमधून इंटरनेट रेडिओ केंद्र कसं उभं करावं?

गोदाकाठ (पंचवटी):

नमस्कार मंडळी. चोवीस तास चालणारं छोटं मराठी इंटरनेट रेडिओ केंद्र सुरू करायचं आहे. हाताशी असलेला साठा असा:

कॅसेट १४०. त्यात सी-६० सुमारे १२०, बाकी सी-९०. शंभरेक कॅसेट १९७८ ते १९९० या काळात मुंबई आणि पुणे केंद्रांवरून, मध्यम लहरींवर घरी मुद्रित केलेल्या. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या २२, नाट्यपदं आणि शास्त्रीय. पाच इंची स्पूल सहा, खोक्यांवर काहीही लिहिलेलं नाही. साधनं म्हणजे दोन हेडचा कॅसेट डेक, यूएसबी ऑडिओ इंटरफेस, ३३ आणि ४५ वेगाचा टर्नटेबल, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप. स्पूल मशीन नाही.

आराखडा: सकाळी ६ वाजता भक्तिसंगीत, दुपारी श्रुतिका आणि भाषणं, रात्री नाट्यपदं. मधल्या मोकळ्या जागांत एआयने तयार केलेलं वाद्यसंगीत. एका वेळी ५० श्रोते आले तरी पुष्कळ.

प्रश्न चार. रूपांतर कोणत्या क्रमाने करावं? सर्व्हर घरी ठेवावा की भाड्याने घ्यावा? यातलं काय वाजवायला कायद्याने मोकळं आहे? आणि एआय संगीत या जुन्या ध्वनीशेजारी कसं बसवावं?

फीतवाला:

आधी कॅसेटचं सांगतो.

कॅसेट डेकमध्ये घालून लगेच वाजवू नका. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून फीत थरांना चिकटते, थेट वाजवली तर वेग हिसके खातो. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असते, साधारण १८ मायक्रॉनच्या जागी १२. ती पिंच रोलरमध्ये, म्हणजे फीत ओढणाऱ्या रबरी चाकात, गुरफटण्याचं प्रमाण जास्त, म्हणून सी-९० सगळ्यात शेवटी घ्या, तोवर डेकची सवय झालेली असेल. गुंडाळण्याआधी उघड्या बाजूने प्रेशर पॅड बघा. फोमचा असेल तर त्याचा भुगा झालेला असतो. पॅड नसेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. पाच स्क्रूंच्या चांगल्या रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात फीत हलवायची, दहा मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो हेडच्या कोनाने, म्हणजे ॲझिमथने. घरी मुद्रित केलेल्या प्रत्येक कॅसेटचा कोन ज्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण झालं त्याच्याप्रमाणे वेगळा असतो. कोन चुकला की ‘स’ आणि ‘श’ दबतात, आणि आपल्याला वाटतं फीतच गेली. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. आवाज सगळ्यात उघडा होईल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला करायचं, कधी कधी प्रत्येक बाजूलाही. सगळं संपलं की बाजारात मिळालेल्या एखाद्या छापील कॅसेटवर कोन परत लावून ठेवा.

हेड आणि कॅपस्टन (फीत ओढणारी धातूची दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पिंच रोलरचं रबर मात्र साबणाच्या कोमट पाण्याने, कारण अल्कोहोलने ते हळूहळू कडक होतं. जोडणी डेकच्या लाइन आउटमधून, हेडफोनच्या भोकातून नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये पातळी थोडी कमी राहिली तरी नुकसान नाही, वर आदळली तर ते परत येत नाही. डॉल्बी (फितीची सरसर कमी करणारी सोय) बंद ठेवा, जोपर्यंत कॅसेटवर डॉल्बीने मुद्रित केल्याची खूण नाही. रेडिओवरून घेतलेल्या कॅसेटला ती क्वचितच असते.

जागेचा हिशोब: स्टिरिओ २४ बिटला तासाला साधारण १ जीबी. तुमच्या १४० कॅसेट म्हणजे दीडशे तास, म्हणजे दीडशे जीबीपेक्षा थोडं जास्त. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता लहान होणाऱ्या फाइलमध्ये, ठेवलं तर साधारण निम्मं. दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा. मूळ फाइलला नंतर हात लावायचा नाही, सफाई नेहमी प्रतीवर.

नाशिकचा पावसाळा लक्षात घ्या. जुलै ते सप्टेंबर बंद कपाटातल्या फितींवर पांढरी बुरशी धरते. बुरशीची कॅसेट वाजवली की ती हेडवर बसते आणि पुढच्या दहा कॅसेटना लागते. अशा कॅसेट वेगळ्या काढा, सिलिका जेलसह घट्ट डब्यात आठवडाभर ठेवून कोरड्या करा, तोंडाला मास्क बांधून मऊ कापडाने पुसा, आणि सी-९० च्याही नंतर वाजवा. प्रत्येकीनंतर हेड पुसायचं.

स्पूलबद्दल: आधी रीळ उजेडासमोर धरा. गुंडाळीतून कडेने उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, अपारदर्शक असेल तर पॉलिएस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तिचा ऱ्हास सुरू झाला आहे. ती आधी रूपांतरित करा आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा. इंटरनेटवर फीत ५० ते ५५ अंशांवर भाजायचा सल्ला दिसेल. तो पाठीवर थर असलेल्या, १९७०-८० च्या दशकांतल्या चिकट झालेल्या पॉलिएस्टर फितींसाठी आहे. ॲसिटेट भाजली तर संपली. मशीन मिळवताना वेग विचारा: घरगुती मुद्रण बहुधा सेकंदाला ९.५ किंवा १९ सेंटिमीटर. पाच इंची रिळावर साध्या जाडीची साधारण १८० मीटर फीत बसते, म्हणजे ९.५ ला एका बाजूला ३२ मिनिटं. दोन्ही बाजूंना मुद्रण असलेली फीत पूर्ण रुंदीच्या हेडवर लावली तर सुलट आवाजासोबत दुसऱ्या बाजूचा उलटा आवाज ऐकू येतो. तो फितीचा दोष नाही, हेड बदला.

तबकडी७८:

तबकड्यांसाठी सुई बदलल्याशिवाय सुरुवात करू नका. एलपीची सुई साधारण ०.७ मिल, म्हणजे १८ मायक्रॉन. ७८ ची खाच रुंद असते, तिला ३ मिलची सुई लागते, सुमारे ७६ मायक्रॉन. एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासत जाते. तिथे धूळ आणि झीज असते, म्हणून नुसती खरखर येते आणि लोक तबकडीला दोष देतात.

धुताना अल्कोहोल अजिबात नको. ७८ लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या द्रव साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा. लगेच पुसून उभ्या ठेवून वाळवा.

तुमच्या टर्नटेबलला ७८ चा वेग नाही, तरी काम होतं. ४५ वर वाजवा आणि संगणकात वेग १.७३३ पट करा. मात्र क्रम चुकला की सगळं बिघडतं. टर्नटेबलचा आवाज वाढवणारा फोनो प्रीॲम्प सगळ्यावर आरआयएए वक्र (खर्ज आणि तार स्वरांचा ठरलेला समतोल) लावतो, आणि तो एलपीसाठी आहे. विजेच्या मुद्रणाच्या जुन्या ७८ ना तो चुकीचा: खर्ज फुगतो, तार स्वर दबतात. म्हणून आधी आरआयएए उलटा लावून काढून टाका, मग वेग बदला, मग ७८ चा वक्र. आधी वेग बदलला तर आरआयएए भलत्याच वारंवारतांवर उलटला जातो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, फिल्टर कर्व्हमध्ये, आरआयएए हा तयार वक्र आहे, उलटायचं बटणही तिथेच आहे. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणांना कोणताही वक्र नाही, फक्त आरआयएए काढायचा.

शेवटी डावा-उजवा चॅनल एकत्र करून मोनो करा. सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी बरीच खरखर तिथेच जाते. नंतरच्या कोणत्याही फिल्टरपेक्षा हे जास्त उपयोगी.

मध्यमलहरी:

रेडिओवरून घेतलेल्या कॅसेटची सफाई वेगळी, कारण त्यांत काय असू शकतं हे आपल्याला आधीच माहीत असतं. आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि साध्या संचातून साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज नीट येतो. त्याच्या वर जे आहे ती फितीची सरसर. ६ किलोहर्ट्झला लो-पास (त्याच्या वरचं सगळं कापणारा फिल्टर) लावा, गाण्यातलं काही जात नाही. रात्रीच्या मुद्रणात बारीक शिट्टी असेल तर ती शेजारच्या केंद्राची, बरोबर ९ किलोहर्ट्झच्या आसपास, तीही यातच जाते.

आवाज लाटांसारखा वर-खाली होत असेल तर तो प्रक्षेपणातला आहे. नाशिक मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरवर. रात्री जमिनीलगत येणारी लहर आणि आकाशातून परतणारी लहर एकमेकींत मिसळतात. यावर कंप्रेसर लावू नका. आवाज खाली जातो तिथे तो खरखर वर ओढतो. ऑडॅसिटीच्या एन्व्हलप साधनाने हाताने चढवा, तेही ४-५ डेसिबलपर्यंतच.

वीजप्रवाहाची गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर. आधी लॅपटॉपचा अडॅप्टर काढून बघा. गुणगुण गेली तर ती तुमच्या जोडणीची, फितीची नव्हे. फितीवर मुद्रित झालेली गुणगुण मात्र कामाची आहे. स्पेक्ट्रममध्ये ती ५० ऐवजी ५१.५ ला दिसली तर कॅसेट ३ टक्के वेगाने चालते आहे, तेवढा वेग कमी करा. ठाण मांडून अगदी ५० ला बसलेली रेघ तुमच्या डेकची असू शकते, म्हणून डेक रिकामा चालवून आधी तपासा.

आणि नॉइज रिडक्शन. ६ डेसिबल, एकदाच. याहून जास्त नको. विशेषतः शास्त्रीय संगीतात. ही साधनं ‘सतत सारखा असलेला आवाज म्हणजे खरखर’ असं मानतात. तानपुराही सतत सारखाच असतो. गाणं सुरू व्हायच्या आधीचा तुकडा नमुना म्हणून दिला आणि त्यात तानपुरा असला, तर संपूर्ण मैफलीतला तानपुरा खरवडून निघतो. नमुना तानपुरा सुरू व्हायच्या आधीचा घ्या. तो मिळत नसेल तर नॉइज रिडक्शन सोडून द्या.

फीतवाला:

६ डेसिबल भाषणांना कमी पडतात. श्रुतिका आणि भाषणांना ९-१० पर्यंत चालतं, शब्द स्पष्ट होतात. संगीताबद्दल सहमत.

हक्कलेखा:

तिसऱ्या प्रश्नावर येतो. उत्तर लांब आहे, आणि तुमचा आराखडा यावरच ठरणार आहे.

एका गाण्यात किमान चार हक्क असतात, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे २०२६ मध्ये १९६५ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं मोकळी आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र त्या कवीच्या, त्या संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. कलाकाराचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं. प्रक्षेपकाचा हक्क प्रक्षेपणानंतर २५ वर्षं.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. गीतरामायण पुणे केंद्रावरून १९५५ मध्ये सुरू झालं. प्रक्षेपकाचा हक्क केव्हाच संपला. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चाली २०६२ अखेरपर्यंत. त्या काळची फीत कुठे सापडली तरी ती परवानगीशिवाय वाजवता येणार नाही. आपल्या नाशिकचे कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांची कविता २०५९ अखेरपर्यंत.

आता तुमच्या शंभर कॅसेट. १९८५ च्या आधी मुद्रित करून १९८५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या श्रुतिकेचं ध्वनिमुद्रण २०४५ अखेरपर्यंत संरक्षित आहे, लेखकाचा हक्क त्याहून पुढे जाऊ शकतो. कॅसेट तुमच्या मालकीची आहे, कार्यक्रम नाही. आकाशवाणीच्या साहित्यासाठी प्रसार भारतीला लेखी विचारा. परवानगी येईपर्यंत या कॅसेट रूपांतर करून जपून ठेवा, वाजवू नका. मन खट्टू होईल, पण हा साठा आता वाचवला नाही तर पुढे परवानगी मिळूनही वाजवायला काही उरणार नाही, म्हणून रूपांतर आजच करा.

तबकड्यांत मात्र मोकळा माल बऱ्यापैकी निघेल. नाट्यपदांत कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये. दोघांचेही शब्द मोकळे. चालींचं नाव तपासा: भास्करबुवा बखले १९२२, गोविंदराव टेंबे १९५५, दोघांच्याही चाली मोकळ्या. मास्तर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०३४ अखेरपर्यंत नाहीत. संतांचा अभंग असला तरी चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते. सकाळच्या भक्तिसंगीतात हीच चूक सगळ्यात जास्त होते.

द. वि. पलुसकरांचा जन्म नाशिकचा, निधन १९५५. त्यांच्या हयातीत निघालेल्या ७८ मोकळ्या आहेत. पण त्यांचंच एखादं जुनं मुद्रण पहिल्यांदा १९७० नंतर एलपीवर आलं असेल तर साठ वर्षं त्या एलपीच्या प्रसिद्धीपासून मोजायची. मुद्रणाची तारीख आणि प्रसिद्धीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि नेहमी ७८ वरूनच घ्या, कंपनीने अलीकडे साफ करून काढलेल्या सीडीवरून नको. त्या आवृत्तीवर कंपनी वेगळा हक्क सांगेल.

‘रेडिओला सरकारी दराने सक्तीचा परवाना मिळतो’ असं कोणी सांगेल. ते कलम ३१ड. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही असा निकाल दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणून इंटरनेट केंद्राला शब्द-चालींसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे आणि ध्वनिमुद्रणासाठी त्याच्या मालकाकडे स्वतः जावं लागतं. इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर फाइल आहे म्हणजे ती मोकळी आहे, हाही गैरसमज सोडा. तिथे चढवणाऱ्याने हक्क तपासलेला असतोच असं नाही.

गोदाकाठ:

म्हणजे पहिल्या दिवशी वाजवता येईल असं हाताशी २२ तबकड्यांतलंच काही. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, दोन्ही बाजू मिळून सगळ्या तबकड्या अडीच तासांच्या आसपास. चोवीस तास कसे भरायचे?

खिडकी८०००:

भरू नका. सकाळी ६ ते ८ आणि रात्री ९ ते ११ एवढंच केंद्र चालवा, बाकीच्या वेळात तोच कार्यक्रम फिरता. श्रोत्याला वेळ कळली की तो येतो. मधल्या जागा कशाने भरायच्या ते इथले षड्ज सांगतीलच, मी सर्व्हरचं सांगतो.

घरी सर्व्हर नको. घरगुती इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, बाहेरचा श्रोता तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय वीज गेली की केंद्र बंद. मुंबईच्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घ्या: किमान २ जीबी रॅम, ४ असेल तर निश्चिंत, डिस्क ४० जीबी. त्यावर डॉकरने ॲझुराकास्ट हे रेडिओ केंद्र चालवायचं सॉफ्टवेअर बसवा. ते मोफत आहे आणि आतून आइसकास्ट (श्रोत्यांना प्रवाह पाठवणारं) व लिक्विडसोप (गाणी क्रमाने लावणारं) हेच वापरतं, पण सगळं ब्राउझरमधून चालवता येतं.

बिटरेट: तुमचा सगळा माल मोनो आणि अरुंद. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ भरपूर झालं. ५० श्रोत्यांना ३.२ एमबीपीएस. एका श्रोत्याला तासाला २८.८ एमबी. महिनाभर चोवीस तास ५० श्रोते धरले तर १ टीबीपेक्षा थोडं जास्त, प्रत्यक्षात त्याच्या बराच खाली राहाल. भाडेपट्टीत मासिक डेटाची मर्यादा वाचून घ्या.

आता जिथे हमखास अडकायला होतं त्या गोष्टी.

वेळ. स्टेशनचा टाइमझोन आशिया/कोलकाता करा. तो यूटीसी राहिला तर सहाची भूपाळी साडेअकराला वाजते, आणि वेळापत्रकात सगळं बरोबर दिसतं म्हणून कारण सापडत नाही.

देवनागरी नावं. प्लेअरमध्ये गाण्याचं नाव विचित्र अक्षरांत दिसलं तर गाणं नाही, आइसकास्ट दोषी. एमपी३ प्रवाहाची माहिती तो मुळात लॅटिन लिपीच्या जुन्या संकेतनात धरतो. माउंटच्या (प्रवाहाच्या पत्त्याच्या) सेटिंगमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ लिहा. फाइलची नावं मात्र रोमन अक्षरांत आणि रिकाम्या जागा न सोडता ठेवा, देवनागरी फक्त टॅगमध्ये.

सुरक्षित जोडणी. तुमचं पान एचटीटीपीएसवर आणि प्रवाह साध्या ८००० पोर्टवर असेल तर ब्राउझर तो अडवतो, आणि बऱ्याच कार्यालयांत ८००० बंदच असतं. ॲझुराकास्ट देतं तो ४४३ वरचा पत्ता वापरा. आइसकास्ट स्वतंत्र बसवलं तर नमुना फाइलमधला ‘हॅकमी’ हा पासवर्ड पहिल्यांदा बदला, तो जगाला माहीत आहे.

पातळी. ७८ चा आवाज आणि एआयचा आवाज यांत दहा-बारा डेसिबलचं अंतर असतं, श्रोता दचकतो. सगळ्या फाइल चढवण्याआधी एफएफएमपेग या साधनाच्या लाउडनॉर्म फिल्टरने उणे १६ लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा, शिखर उणे १.५ डेसिबल. दोन फेऱ्यांत करा: पहिल्या फेरीत मोजमाप, दुसरीत ते आकडे देऊन सरळ वाढ. एकाच फेरीत केलं तर ते आतल्या आत आवाज दाबतं-फुगवतं, आणि फाइल १९२ किलोहर्ट्झची करून ठेवते. सॅम्पल रेट ४४.१ किंवा ४८ असा स्पष्ट सांगा.

पर्यायी प्रवाह. मुख्य प्रवाह तुटला तर लावायची फाइल त्याच प्रकारची हवी: तोच कोडेक, तोच सॅम्पल रेट, तेवढेच चॅनल. मोनोवरून स्टिरिओवर उडी पडली की बरेच मोबाइल प्लेअर गप्प होतात.

षड्ज:

एआय संगीताचा उपयोग आहे, पण जपून.

आधी परवाना. सुनो या एआय संगीतसेवेच्या मोफत योजनेत केलेलं संगीत फक्त अव्यावसायिक वापरासाठी, केंद्रावर जाहिरात किंवा प्रायोजक घेतला की सशुल्क योजना हवी, आणि संगीत त्या योजनेत असताना केलेलं हवं. म्युझिकजेन हे दुसरं एआय साधन स्वतःच्या संगणकावर चालतं, पण त्याची प्रशिक्षित मॉडेलं अव्यावसायिक परवान्याखाली आहेत. ते ३२ किलोहर्ट्झ आवाज देतं आणि एका वेळी साधारण ३० सेकंद. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर छोटं मॉडेलही फार वेळ घेईल. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि तशीच सेवा देणारी युडिओ या दोघांवर दावे लावले, नियम त्यानंतर बदलत गेले. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत तयार केल्याची तारीख, योजना आणि दिलेली सूचना लिहून ठेवा, आणि त्या दिवशीच्या अटींचं पान जतन करा.

गायन करून घेऊ नका. मराठी उच्चार ढासळतात. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘चांदणं’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन वेगळे च एकसारखे होतात, गाणं हिंदीच्या वळणाने जातं. जुन्या नाट्यपदाला लागून हे ऐकू आलं तर कानाला टोचतं.

वाद्यसंगीतातही रागाचं नाव देऊन रागाची अपेक्षा धरू नका. सूचनेत ‘भूप’ लिहिलं तरी मध्यम, निषाद घुसतात. तीनतालाच्या सोळा मात्रांत ‘खाली’ (टाळी नसलेली जागा) कुठे आहे हे यंत्राला कळत नाही, चार-चारचा ठेका फिरत राहतो. म्हणून राग आणि ताल मागायचेच नाहीत. मागायचं ते असं: एकच वाद्य, ठेका नाही, संथ लय, ४० सेकंद. बासरी किंवा सारंगीच्या जवळचा लांब स्वर. दहा तुकडे करून घेतले तर दोन ठेवण्यासारखे निघतात. शेवट बहुधा तुटका येतो, तो दोन सेकंदांत उतरवा. उपयोग फक्त निवेदनाखाली आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये. जुन्या गाण्याला लागून क्रॉसफेड नको. आधी दोन सेकंद शांतता, मग यंत्राचा तुकडा.

त्या तुकड्याच्या टॅगमध्ये कलाकाराच्या जागी ‘यंत्रनिर्मित’ लिहा, आणि दर तासाला निवेदनातही सांगा. त्यावर मुद्दाम खरखर चढवून तो जुना भासवू नका. हे मी आग्रहाने सांगतो आहे. तुमच्या केंद्रावर येणारा श्रोता ७८ ची खरखर ऐकून विश्वास ठेवतो की हे खरोखर १९३० च्या दशकात कोणीतरी गायलं. हा विश्वास एका बनावट तबकडीने जातो. जुन्या निवेदकांचा किंवा गायकांचा आवाज यंत्राकडून करून घेणं तर नाहीच. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या अर्जावर त्यांचा आवाज असा बनवण्याला अंतरिम मनाई केली.

हाच न्याय एआयच्या सफाईला. अरुंद ध्वनीला ‘पूर्ण’ करणारी साधनं वरचे स्वर मोजून काढत नाहीत, अंदाजाने नवे तयार करतात. गायिकेने न उच्चारलेला ‘स’ त्यात येतो. प्रसारणाच्या प्रतीवरही ते नको.

आणि एक पर्याय. नाशिकमध्ये सतार, बासरी, संवादिनी शिकवणारे कितीतरी आहेत. त्यांच्याकडून लेखी परवानगीसह एक-एक मिनिटाचे तीस तुकडे मुद्रित करून घ्या. पारंपरिक रागातले आलाप, कोणाचीही बांधलेली चाल नाही. दोन तासांच्या बैठकीत वर्षभराचा मसाला होतो आणि यंत्राची गरजच बरीच कमी होते.

गोदाकाठ:

तुकड्यांची कल्पना पटली, ते यंत्राच्या आधी करतो. दोन गोष्टी राहिल्या. तबकडीवर वर्ष नसेल तर प्रसिद्धीचं वर्ष कसं काढायचं? आणि सहा स्पूलपैकी एकीला आंबूस वास आहे.

तबकडी७८:

लेबलवरचा तबकडी क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, दोन्ही उतरवा. लेबलाचा रंग, क्रमांकापुढची अक्षरं आणि कंपनीच्या जुन्या सूच्या यांवरून काळ जुळवता येतो. जुन्या वर्तमानपत्रांतल्या तबकड्यांच्या जाहिराती खूप कामी येतात, त्यासाठी सार्वजनिक वाचनालयात विचारून बघा. नक्की वर्ष मिळालं नाही पण १९६५ च्या आधीचं आहे एवढं सिद्ध झालं तरी पुरे. पुरावा म्हणून लेबलाचा फोटो फाइलसोबत ठेवा.

फीतवाला:

आंबूस वासाची आजच वेगळी करा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आम्ल आत कोंडतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोलीतल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या जागी, बाकीच्या स्पूलपासून दूर. गॅलरीत किंवा माळ्यावर नको. मशीन मिळालं की पहिली हीच, आणि जोरात मागे-पुढे गुंडाळायची नाही, ती सरळ तुटते. ॲसिटेटचं एक बरं असतं: तुटली तर ताणली न जाता साफ तुटते, स्प्लायसिंग टेपने जोडली की आवाज एवढाही जात नाही. साधी चिकटपट्टी वापरू नका, तिचा गोंद शेजारच्या थराला लागतो. मुद्रण सुरू ठेवूनच वाजवा, दुसरी संधी मिळेलच असं नाही.